धुण्याच्या दगडावरची दुर्बीण

आमच्या घरमालकीणबाईंच्या परसात कपडे धुवायचा एक काळा दगड आहे. कमरेच्या जरा खाली येईल एवढा उंच, वरून सपाट, आणि ओली चादर कितीही जोरात आपटली तरी जागचा हलत नाही. माझ्या दुर्बिणीला याहून चांगली बैठक अख्ख्या नागपुरात मिळाली नसती. दुर्बीण लहानशी आहे, पाच इंची आरशाची, लाकडी पाटावर गोल फिरणारी. तिला स्वतःचे पाय नाहीत. ती कशावर तरी ठेवावी लागते. आधी मी ती स्टुलावर ठेवून पाहिली, तर चंद्र वाटीतल्या दह्यासारखा थरथरायचा. दगडावर ठेवली आणि चंद्र गप्प बसला. त्या दिवशी मी परसात एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

घरमालकीणबाईंना मी काकू म्हणतो. त्यांनी खिडकीतून विचारलं, "काय झालं गा?"

"काकू, तुमचा दगड फार चांगला आहे."

इतक्या वर्षांत त्या दगडाचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्यांनी लगेच वाटणी करून टाकली. सकाळी दहापर्यंत दगड त्यांचा, दिवेलागणीनंतर माझा.

मी वाडीला राहतो, अमरावती रोडच्या बाजूला. एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम पाहतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यात माझ्या स्वतःच्या हुशारीपेक्षा इतरांचे हात जास्त लागलेले आहेत, पण ते सगळे सांगत बसलो तर दुर्बीण राहून जाईल, म्हणून फक्त आईबद्दल सांगतो. बोलताना मी तिला माय म्हणतो. लिहायला बसलं की आपोआप आई येतं, हा शाळेचा परिणाम.

नरखेड तालुक्यात आमचं गाव आहे. मी सातवीत असताना तालुक्याच्या शाळेत एकदा दुर्बीण आली. बाहेरगावचे कुणी सर घेऊन आले होते. संध्याकाळी मैदानात शनीचं कडं दाखवणार, ज्यांना यायचं त्यांनी या, असं प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. परतीची शेवटची एसटी आठची. मला अंधारात एकट्याला कसं पाठवायचं म्हणून आई सोबत आली. संत्र्याच्या झाडांना पाणी देत होती ती तशीच निघाली; पायाचा चिखलही धुतला नव्हता. रांग मैदानभर लांब होती. आम्ही पुढे पुढे सरकत गेलो आणि आमच्या पुढे तीन जण उरले तेव्हा स्टँडवरून एसटीचा हॉर्न आला. ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा वाजवला. आईनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "चाल बाबू, गाडी लागली." आम्ही धावलो. गाडी मिळाली. शनी राहिला.

मी हे दोन दिवसांत विसरलो असतो. आई विसरली नाही. मी दहावी झालो, सगळे पेढे खात होते, तर ती शेजारणीला सांगतेय, "पण त्या दिवशी मी त्याले ओढून नेलं न वं, तीन माणसं राह्यले होते फक्त." मी बी.एस्सी. झालो तेव्हाही तेच. नोकरी लागली तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा तेच. जणू तो शनी पाहिला असता तर मी थेट कलेक्टरच झालो असतो. माझं नुकसान केलं, हा तिचा धोशा. त्या रांगेत माझ्यामागे ती स्वतःही उभी होती आणि तिचाही नंबर आला असता, हे मात्र तिच्या बोलण्यात कधी आलं नाही.

म्हणून मी दुर्बीण घेतली. लोक विचारतात तेव्हा मी विज्ञानाची आवड वगैरे सांगतो, तीही खरी आहे. पण डब्यावरची चिकटपट्टी फाडताना माझ्या डोक्यात फक्त ती रांग होती.

पहिल्याच आठवड्यात माझं हसं झालं. एका रात्री पूर्वेला एक ठळक तारा पकडला, डोळा लावला, आणि काय पाहतो! मध्ये काळं भोक, भोवती चकाकणारं गोल कडं. मी अशी उडी मारली की कपडे वाळवायच्या तारेनं माझा चष्मा उडवला. चष्मा न शोधताच आईला फोन लावला. "माय, कडं दिसलं! शनीचं कडं!" पलीकडे ती ओरडली, मग तिच्यामागे घरातले सगळे ओरडले. रात्रीच्या रात्री तिनं पाटलीणबाईंना सांगितलं, आणि एकदा पाटलीणबाईंना सांगितलं की गावात आणखी कुणाला सांगायची गरज उरत नाही.

तीन दिवसांनी मला कळलं की भिंग नीट जुळवलं नाही तर आरशाच्या दुर्बिणीतून प्रत्येक तारा तसाच दिसतो. मधलं काळं भोक ही आतल्या छोट्या आरशाची सावली. खात्री करायला मी दूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या दिव्याकडे दुर्बीण वळवली. त्या दिव्यालाही कडं होतं. मग मोबाइल टॉवरच्या लाल दिव्याकडे. त्यालाही. वाडीत त्या रात्री मी सात शनी मोजले.

पुन्हा फोन केला. "माय, तो शनी नव्हता."

"मंग कोन होता?"

"कोणता तरी तारा. मला भिंगच बसवता आलं नव्हतं."

ती म्हणाली, "पाटलीणबाईले मी आता काय तोंड दाखवू? येवढं बी.एस्सी. करून तुले दिवा न् शनी वळखू येत नाही?"

"माय..."

"काही नको सांगू. आता खरा दिसंल तवा मी सोता येतो. माह्या डोळ्यानं पाहीन, मंगच कोनाले सांगीन."

झालं. आता फक्त शनी दाखवून भागणार नव्हतं. आईला इथे आणून, तिच्या डोळ्यानं, खरा शनी दाखवायचा होता.

खरा शनी मला श्रावणात सापडला, दोन ढगांच्या मध्ये. भिंग हळूहळू फिरवत गेलो, ठिपका बारीक होत गेला, आणि एका क्षणी तो ठिपका राहिलाच नाही. तिथे एक इवलीशी वस्तू होती. गोळा आणि त्याच्याभोवती तिरकं कडं, इतकं नीटनेटकं की कुणी तरी दुर्बिणीच्या तोंडावर चित्र चिकटवलंय असं वाटून मी पुढे जाऊन पाहून आलो. चित्र नव्हतं. मी दगडाला मिठी मारली. काकूंचा साबण माझ्या शर्टाला लागला. पण या वेळी फोन केला नाही. दोन रात्री आणखी पाहिलं, नकाशाशी ताडून पाहिलं, आणि मग आईला सांगितलं, "ये."

आता दिवस ठरवायचा होता, आणि त्यात दोन अडचणी होत्या. पहिली, आईला बागेतून आणि घरातून सुट्टी फार नाही. गणपती आमच्या थोरल्या काकांकडे बसतो, त्यामुळे त्या दिवशी ती निघू शकत होती, पण लगेच महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, येणार, त्यांच्या तयारीला दुसऱ्या दिवशी सकाळी परत. म्हणजे एकच संध्याकाळ. दुसरी अडचण, परसाच्या मागच्या भिंतीपलीकडे एक गोदाम आहे आणि त्याच्या कोपऱ्यावर एक हॅलोजन. तो लागला की काकू परसात तांदूळ निवडतात, इतका उजेड. तिथला चौकीदार माझ्या ओळखीचा झाला होता. तो स्टुलावर उभा राहून भिंतीवरून डोकं काढून बोलायचा. गळ्याखालचा चौकीदार मी आजवर पाहिलेला नाही. तो म्हणाला, "भैया, गणपती के दिन गाड़ी नहीं आती. उस दिन बत्ती बंद रखूँगा. साढ़े आठ तक, बस." शिवाय मी मोबाइलमध्ये पाहिलं तर त्या संध्याकाळी चंद्र नेमका हवा तसा होता, पातळ कोरीचा, चार दिवसांचा. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट थाळीसारखा दिसतो. चार दिवसांच्या चंद्रावर ऊन तिरपं पडतं आणि एकेका खड्ड्याची सावली मोजता येते. सगळं जुळलं! मला इतका आनंद झाला की मी एकट्यानं पाहायचं सोडून गल्लीच्या ग्रुपवर संदेश टाकला:

"गणपतीच्या दिवशी आरती आटोपल्यावर सात वाजता काकूंच्या परसात चंद्रदर्शन व शनिदर्शन. सहकुटुंब यावे."

अकरा अंगठे आले. एकानं हात जोडले. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळेच म्हणाले की आम्हाला आधीच शंका आली होती.

आई दुपारच्या एसटीनं आली, मोसंबीची पिशवी घेऊन. अर्धी पिशवी काकूंना देऊन, त्यांच्या गणपतीला हळदकुंकू वाहून ती परसात आली आणि दुर्बिणीभोवती एक फेरी मारली.

"हे? हे तर बोअरच्या पाइपासारखं दिसून राह्यलं."

"यातूनच दिसते, माय."

"बोअरच्या पाइपातून खाली पाणी दिसते, वरचं कसं दिसंल?" पण हात लावून पाहिलाच, आणि पदरानं दुर्बिणीवरची धूळ पुसली.

साडेसहाला अंधार पडायला लागला. पश्चिमेला गोदामाच्या पत्र्यांवर चंद्राची कोर लखलखत होती. दुर्बिणीचा नेम जुळवायला चंद्र सगळ्यात सोपा, म्हणून मी ती त्याच्यावर लावली. आणि नेम जुळवायचं विसरून बसलो. खड्डेच खड्डे! उजेड-अंधाराच्या सीमेवर एक डोंगर असा होता की त्याचा फक्त शेंडा उन्हात, बाकी सगळा अंधारात, जसा काळ्या पाटीवर खडूचा एकच ठिपका. मी ओरडलो, "माय, लवकर ये! चंद्र पाह्य!"

आई ताट हातात घेऊन दारात आली. मान वर करणार तेवढ्यात थांबली. आणि ताटासकट गर्रकन पाठ फिरवून उभी राहिली.

"बाबू," ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "आज काय हाये?"

"गणपती."

"गणपती कोन्या तिथीले बसते?"

चतुर्थी. गणेशचतुर्थीला चंद्र पाहायचा नसतो. पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी त्या संध्याकाळी आई मला डोळ्यांवर हात ठेवून अंगण ओलांडायला लावायची, आणि मी दोनदा गोठ्याच्या खांबाला धडकलो होतो. पण शिकता शिकता माझा चंद्र मोबाइलमध्ये टक्क्यांवर गेला आणि गणपती सुट्टीच्या यादीत गेला. चार दिवसांचा चंद्र म्हणजेच चतुर्थी, हे दोन्ही बोटांनी मोजता येण्यासारखं गणित मी केलंच नव्हतं.

"तू पाह्यला?" आईनं पाठमोरंच विचारलं.

"पाह्यला."

"त्याच्यातून?"

"हो."

"किती मोठा दिसते त्याच्यातून?"

"चाळीस पट."

"मंग आळ बी चाळीस पट येईन." आणि ती खांदे हलवून हसायला लागली. ताटातले मोदक हलायला लागले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि गल्ली यायला लागली. सहकुटुंब. काकूंना परिस्थिती कळली तशी त्यांनी दारातच उभं राहून ताबा घेतला. "गोदामाकडं पाठ करा! सगळ्यांनी गोदामाकडं पाठ करा! वर पाहू नका वं, खाली पाहा!" आणि गल्लीतले पंधरा-सोळा लोक, नवीन कपडे घातलेले, बोळातून उलटे चालत परसात आले. एक जण पेरूच्या झाडाला टेकला, एकीचा पाय काकूंच्या बादलीत गेला. सगळे येऊन दाटीनं पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, जसा फोटो काढायचा आहे आणि फोटोवाला आलेला नाही.

"काहून गा," कुणी तरी म्हणालं, "चंद्रदर्शन तू लिहिलं होतं न?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं म्हणते! स्वतः पाहून बसला आणि आमाले म्हणते चुकलं!"

भिंतीवर चौकीदाराचं डोकं आलं. त्याच्या डोक्यावर बरोबर चंद्र होता, त्यामुळे त्याच्याकडे कुणी वळून पाहीना. तो सगळ्यांच्या पाठींशी बोलला. "अरे भैया ने देख लिया? तो क्या हुआ. हमारे गाँव में कहते हैं, देख लिया तो गाली खा लो. गाली खाई, दोष गया."

"आमच्याकडंबी हेच म्हणते," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, पदर खोचून, "ये इकडं. उभा राह्य."

मी दगडाजवळ उभा राहिलो.

"बह्याडा!" आईनं सुरुवात केली. "दिव्याले शनी म्हणतं! माह्यं नाक कापलं गावात! हप्त्याभराचे कपडे पिशवीत कोंबून घरी आणतं, तुले लाज नाही वाटत?"

लोक हसले, आणि मग लोकांना उमगलं की ही सोय सगळ्यांना आहे. काकू पुढे सरसावल्या. "मी सांगतो याले! मुर्दाडा, नळ चालू ठेवून झोपतं! टाकी वाहून वाहून माह्यी तुळस सडली! आन् दगडावर भिंगं ठेवून जातं, मी त्याच्यावर साबण ठेवला होता एकदा, सांगतलं नाही तुले!"

"साबण?" मी म्हणालो.

"चूप बस, शिव्या खा!"

शेजारचे एक गृहस्थ, जे वर्षभरात माझ्याशी 'नमस्कार' यापलीकडे बोलले नव्हते, ते घसा साफ करून म्हणाले, "गाडी माझ्या फाटकापुढे लावतोस. गाढवा." मग लाजून मागे सरकले. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं. मागून कुणी आळशी म्हणालं, कुणी चष्मिष्ट म्हणालं. चौकीदारही म्हणाला, "भैया, माफ़ करना, पर आप उल्लू हो," आणि त्यानं भिंतीवरून हात जोडले. मी हसून हसून दगडाला धरून उभा होतो. चाळीस पट आळ होता, तो पार फिटून वर काही शिल्लक उरलं असेल.

"आता शनी दाखव," काका म्हणाले. काका म्हणजे काकूंचे यजमान.

इथे काकूंचा चेहरा बदलला. "थांबा. शनी? यायले साडेसाती सुरू हाये." त्यांनी काकांकडे बोट केलं. "त्याची नजर पडू नये म्हणून माणूस काय काय करते, आन् आपन आज नळी लावून त्याच्या डोळ्यात डोळा घालाचा?"

खरंच होतं. त्या संध्याकाळी आकाशात दाखवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, एक मागे, एक समोर, आणि दोन्ही वर्ज्य. गुरू उशिरा उगवणार होता. सोळा माणसं नवीन कपड्यांत, दिवा विझवून, अंधारात, कशाकडेच पाहता येत नाही म्हणून एकमेकांकडे पाहत उभी. मला पुन्हा हसू फुटत होतं, पण आई सकाळी जाणार होती.

काका म्हणाले, "मी दर शनिवारी त्याले तेल वाहतो. वळख हाये आमची."

"तुमी गप्प बसा," काकू म्हणाल्या.

मग आई बोलली. भांडून नाही, मोसंबीचा भाव सांगावा तशी. "बाई, मले आजवर दोनदा झाली साडेसाती. पंधरा वर्सं तो माह्याकडं पाहून राह्यला. मी त्याच्याकडं एकदाबी नाही पाह्यलं. आज पाहू द्या मले."

काकू म्हणाल्या, "हे बरोबर हाये. पाहा बाई. मंग मी बी पाहतो. मले बी त्याले काही सांगाचं हाये."

आग्नेयेला, पेरूच्या झाडाच्या उजव्या अंगाला, शनी वर आला होता. पिवळसर, न लुकलुकता. मी दुर्बीण त्याच्यावर आणली, मोठं दाखवणारं भिंग लावलं, जुळवलं. तो होता. कड्यासकट. मी आईला म्हणालो, "ये."

"पाव्हणे आधी," आई म्हणाली.

"माय, हे आपलं घर नाही, काकूंचं आहे. आणि दुर्बीण माझी आहे."

"म्हनूनच. आपल्या घरचं असलं का आपन मागून."

पंगतीत घरचे लोक शेवटी बसतात, हा नियम तिनं दुर्बिणीलाही लावला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. माझं काही चाललं नाही. रांग सुरू झाली. ज्यानं त्यानं डोळा लावावा, "काही नाही दिसून राह्यलं" म्हणावं, मी दुर्बीण बारीकशी ढकलावी, आणि मग त्याच्या तोंडून एक आवाज निघावा. प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक बाई "अगं बाई" म्हणाल्या आणि चप्पल काढून पुन्हा पाहू लागल्या. फाटकवाले गृहस्थ डोळा लावून इतके स्थिर उभे राहिले की त्यांना हलवून बाजूला करावं लागलं. काका तर काही केल्या हटेनात. ते शनीशी हळू आवाजात बोलत होते, तेलाचा हिशेब देत असावेत. मी एकीकडे मोबाइलमध्ये वेळ पाहत होतो. आठ वाजून गेले. चंद्र गोदामाच्या पत्र्याआड गेला तसे लोक मोकळेपणानं वळू लागले, मोदकांचं ताट फिरलं, आणि आईच्या पुढे तीन जण उरले.

तेव्हा हॉर्न आला.

गोदामाच्या फाटकावर ट्रक होता. यायचा नव्हता, पण आला होता. चौकीदाराचं डोकं भिंतीवरून नाहीसं झालं. फाटक उघडायचं म्हणजे दिवा लावायला हवा, आणि दिवा लागला की सगळं पांढरं फटक. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, लांबलचक.

आणि आई रांगेतून बाहेर पडली. खरंच पडली. माझा दंड धरला आणि म्हणाली, "चाल बाबू, गाडी..."

मग तिच्या लक्षात आलं. तिनं माझा दंड सोडला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत उभे होतो.

"माय," मी म्हणालो, "आपल्याला कुठंच जायचं नाही."

भिंतीपलीकडून चौकीदाराचा आवाज आला, तो ट्रकवाल्याला सांगत होता, "रुक जाओ भाई, दो मिनट! माताजी का नंबर है!" पुढचे तिघं न सांगता बाजूला झाले. काकूंनी बादली उपडी करून दगडाजवळ सरकवली. "बसा बाई. आरामात पाहा. वाजवू द्या त्याले."

आई बसली. पदर मागे घेतला, एक डोळा हातानं झाकला, दुसरा भिंगाला लावला.

"काळं हाये."

मी दुर्बीण ढकलली.

"काळंच हाये, बाबू."

शनी सरकून बाहेर गेला होता. मी खाली वाकून नेम धरायच्या काचेतल्या लाल ठिपक्यातून पाहिलं, थोडं डावीकडे, थोडं वर.

"आता?"

मग ती अगदी हळू म्हणाली, "चुंबळ!"

"काय?"

"चुंबळ हाये न रे! डोक्यावर पाण्याची गुंडी ठेवाले चुंबळ ठेवते का नाही आपन? तशी! चुंबळीत गुंडी बसली हाये! येवढीशी!" आता ती ओरडत होती. "आन् मधात भोक नाही! भोक नाही न बाबू?"

"नाही, माय."

"मंग हाच हाये! हाच हाये तो!" तिनं डोळा न काढता एक हात मागे केला. "फोन दे. पाटलीणबाईले लाव."

मी नंबर लावून फोन तिच्या कानाला धरला. तिकडून आवाज आला तशी ती म्हणाली, "मी बोलून राह्यलो. पाहून राह्यलो मी त्याले. नाही, दिवा नाही, दिवा नाही वं! माह्या सोताच्या डोळ्यानं!"

एवढ्यात बोळातून ट्रकचा ड्रायव्हरच आला. इतका वेळ कशासाठी लागतोय हे पाहायला आला असावा. अंधारात एवढी माणसं, एक बाई पाइपाला डोळा लावून फोनवर ओरडतेय, हे पाहून त्याचा राग जिरला. "क्या चल रहा है, भाई?" काकांनी त्याला सांगितलं. तो लगेच रांगेत उभा राहिला. मग म्हणाला, "चाँद भी दिखाओगे? आज तो कामठी से यहाँ तक सामने ही था. पूरे रास्ते देखते आया."

मग सगळे एकमेकांकडे पाहून असे हसायला लागले की पेरूवरचा पक्षी उडाला.

"बिचारा," काकू पदर खोचत म्हणाल्या. "परका माणूस. याले कोन शिव्या देईन?"

"सरका," आई म्हणाली. तिनं भिंगावरून डोळा काढला नाही, फोनही सोडला नाही. "पहिली मी देतो. काहून रे मेल्या, हॉर्न काहून वाजवत होता?"